नदी दिसेल, असे करारनाम्यात कुठे लिहिले आहे?

खराडीहून आलेल्या आपल्या पत्रासारखी पत्रे मुंढव्याहून, बालेवाडीहून आणि अधूनमधून नाशिकच्या गोदाकाठावरूनही येतात, त्यामुळे नदीकाठच्या घराचे अप्रूप आणि ती नदी झाकली जाण्याचे दुःख या दोन्ही गोष्टी मला ठाऊक आहेत असे धरून मी थेट मुद्द्यावर येतो. आपण २०२० मध्ये मुळा-मुठेच्या काठी बाराव्या मजल्यावर दुहेरी उंचीच्या दिवाणखान्याचा ‘लॉफ्ट’ विकत घेतला, १ कोटी ३५ लाख रुपये किमतीखेरीज ‘रिव्हर व्ह्यू’साठी ११ लाख रुपये वेगळे दिले, २०२२ मध्ये ताबा घेतला, आणि आता त्याच विकसकाने आपल्या इमारतीच्या आणि नदीच्या मध्ये बावीस मजल्यांच्या इमारतीसाठी खोदकाम सुरू केले आहे. नदी दिसण्याने घराची किंमत कायद्याच्या दृष्टीने खरोखर वाढते काय, आणि वाढत असेल तर ती वाढ गेल्याची भरपाई मिळेल काय, असे आपण विचारले आहे.

बाजारात किंमत वाढते, याबद्दल वाद नाही. आपण स्वतःच ११ लाख मोजले आहेत. मात्र ही वाढ गृहीत धरावी इतकी स्थिर नाही. उन्हाळ्यात जलपर्णीने भरलेले आणि डासांनी त्रस्त केलेले पात्र पाहून नदीकाठचे गिऱ्हाईक परत फिरते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरल्यापासून तर पुण्यातला सावध खरेदीदार नदी किती जवळ आहे यापेक्षा पूररेषा किती दूर आहे हे आधी विचारतो. उलट महापालिकेच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाकडे बोट दाखवून काही विकसक हेच दर आणखी चढवतात. मुद्रांक शुल्कासाठी वापरला जाणारा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, म्हणजे आपला रेडी रेकनर, एकाच इमारतीतील नदीकडच्या आणि रस्त्याकडच्या सदनिकेत भेद करीत नाही, त्यामुळे सरकारी कागदावर आपल्या नदीला किंमत नाही. ती किंमत केवळ आपण आणि विकसक यांच्यातील व्यवहारात आहे, आणि म्हणून त्या व्यवहाराच्या कागदांत ती कशी लिहिली गेली आहे यावरच सारे ठरणार आहे.

आपण मला चकचकीत माहितीपुस्तिका, विक्री प्रतिनिधीशी झालेले व्हॉट्सअॅप संभाषण आणि बाल्कनीतून काढलेली सूर्यास्ताची छायाचित्रे पाठविली आहेत. करारनाम्याला जोडलेला मंजूर अभिन्यासाचा, म्हणजे लेआउटचा, नकाशा मात्र पाठविलेला नाही, आणि पत्राच्या सुरावरून तो आपण कधी उघडून पाहिला असेल असेही वाटत नाही. आपल्या संपूर्ण प्रकरणाचा निकाल त्या एका पानावर आहे. सध्या खोदकाम चालू असलेली जागा त्या नकाशात बाग, मोकळी जागा किंवा क्लब हाउस म्हणून दाखविली असेल तर आपली बाजू भक्कम आहे; तीच जागा ‘भावी विकास’ किंवा ‘टप्पा २’ म्हणून रेखाटलेली असेल, आणि तेथे किती मजले होऊ शकतात तेही लिहिलेले असेल, तर बाल्कनीतून नदी दिसते आहे तोवर ती पाहून घ्या, याहून फारसे आशादायक मला सांगता येणार नाही.

असे का, हे समजून घेणे आवश्यक आहे. स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे रेरा, याच्या कलम १४(२) प्रमाणे मंजूर नकाशे आणि अभिन्यास खरेदीदारास दाखविल्यानंतर विकसकाला मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत: आपल्या सदनिकेबाबतचा बदल असेल तर आपली पूर्वसंमती लागते, आणि प्रकल्पातील इमारतींच्या किंवा सामाईक जागांच्या नकाशात अन्य बदल करावयाचा असेल तर त्या इमारतीतील किमान दोनतृतीयांश खरेदीदारांची लेखी पूर्वसंमती लागते. हे कलम ‘कोणत्याही करारात काहीही असले तरी’ अशा शब्दांनी सुरू होते. ‘विकसकास आवश्यक वाटतील ते बदल करण्यास खरेदीदाराची अपरिवर्तनीय संमती आहे’ ही करारनाम्यातील तेविसावी अट पाहून आपण जे हातपाय गाळले आहेत, ते म्हणूनच अनाठायी आहे. मोफा, म्हणजे १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियमाच्या कलम ७ संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मधुविहार सोसायटीच्या प्रकरणात अशी सरसकट आगाऊ संमती पुरेशी मानली नाही. संमती ही नेमका कोणता बदल होणार आहे हे समजल्यानंतर दिलेली असली पाहिजे, हे तत्त्व तेथे स्पष्ट झाले आहे.

विकसकाचे वकील मात्र तेविसाव्या अटीवर विसंबून राहणार नाहीत. ते रेराच्याच कलम ३ च्या स्पष्टीकरणावर बोट ठेवतील, ज्यानुसार टप्प्याटप्प्याने होणाऱ्या विकासातील प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प समजला जातो, आणि म्हणतील की नवी इमारत हा वेगळ्या नोंदणीचा वेगळा प्रकल्प आहे, तेव्हा पहिल्या इमारतीतील खरेदीदारांची संमती घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा बचाव पोकळ नाही. तो मोडून काढायचा असेल तर आपल्याला विकलेल्या अभिन्यासात ती जागा आपल्याच प्रकल्पाच्या सामाईक क्षेत्राचा भाग होती हे दाखवावे लागेल, आणि ते दाखविण्याचे साधन पुन्हा करारनाम्याला जोडलेला तोच नकाशा आहे. करारनाम्याची आपली प्रत हरवली असल्यास नोंदणी झालेल्या दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. महारेराच्या, म्हणजे रेराखालील राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणीवेळी जोडलेले नकाशे पाहावयास मिळतात, त्यांची सुधारित नकाशांशी तुलना करावी.

आता विलंबाविषयी. दुसऱ्या टप्प्याचे सुधारित नकाशे २०२३ मध्ये संकेतस्थळावर आले, २०२४ च्या प्रारंभी सोसायटीच्या सभेत त्यावर चर्चा झाली, आणि आपण त्या सभेस हजर होता असे आपणच लिहिता. त्यानंतर खोदकाम सुरू होईपर्यंत आपण विक्री विभागाला संदेश पाठविण्यापलीकडे काहीही केले नाही. विक्री विभागाला पाठविलेला संदेश म्हणजे नोटीस नव्हे, आणि त्यावर आलेले ‘आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठविली आहे’ हे उत्तर म्हणजे आश्वासन नव्हे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे वादकारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, परंतु सभेला उपस्थित असलेल्या माणसाने पुरेसे कारण कोणते द्यावे, हे मला सुचत नाही. काम प्रत्यक्ष सुरू झाले त्या दिवशी वादकारण घडले असा युक्तिवाद करता येईल, आणि तो मान्य होईलही. त्यावर मी पैज लावणार नाही. आपण मोजलेली किंमत पाहता तो मार्ग राज्य ग्राहक आयोगाकडे जातो, कारण ५० लाखांच्या वरची आणि २ कोटींपर्यंतची प्रकरणे तेथे चालतात.

महारेराचा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. तेथे रेराच्या कलम ३१ खाली तक्रार दाखल करून तिच्यासोबतच कलम ३६ खाली अंतरिम मनाईचा अर्ज द्यावा, आणि तो पायाचे काम चालू असतानाच द्यावा. दहा स्लॅब पडल्यानंतर इमारत थांबवा म्हणणाऱ्या तक्रारदाराकडे कोणतेही प्राधिकरण सहानुभूतीने पाहत नाही. कलम ७९ मुळे या विषयांत दिवाणी न्यायालयाची दारे बंद आहेत, त्यामुळे ‘सिव्हिल कोर्टातून स्टे आणतो’ असे सांगणाऱ्या आपल्या परिचिताचा सल्ला बाजूला ठेवावा. नुकसानभरपाईची मागणी स्वतंत्रपणे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जाईल. परतावा आणि व्याज प्राधिकरणाकडे आणि भरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात निश्चित केली आहे. भरपाईच्या अर्जाचा निकाल साठ दिवसांत लागावा असे कलम ७१ म्हणते. या साठ दिवसांवर आपण कोणतेही नियोजन करू नये. तारखा पडतात, उत्तरे वेळेवर येत नाहीत, आणि आदेश मिळाल्यानंतरही वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे व्हावयाची असल्याने तेथे पुन्हा रांग लागते. कायद्याने ग्राहकाला वेगवान न्यायाचे वचन दिले आणि ते पाळण्याची यंत्रणा अर्धवट ठेवली, ही माझी जुनी तक्रार आहे.

भरपाईची रक्कम किती, हा प्रश्न आपण दिलेल्या ११ लाखांपासून सुरू होतो आणि दुर्दैवाने तेथेच अडखळतो. ही रक्कम करारनाम्यात नाही. ती एका वेगळ्या संस्थेच्या नावे धनादेशाने दिली आहे आणि पावतीवर ‘पायाभूत सुविधा शुल्क’ असे लिहिले आहे. नदीसाठी मोजलेले पैसे नळ आणि रस्त्याच्या नावाने स्वीकारले जात असताना आपण पावती न वाचता घडी घालून ठेवलीत, याचा राग मला विकसकाइतकाच आपल्यावरही आहे. तरीही सर्व संपलेले नाही. विक्रीच्या वेळी दिलेल्या कॉस्ट शीटवर ‘रिव्हर व्ह्यू’ हा शब्द आणि तीच रक्कम असेल, तर पावती, धनादेश आणि कॉस्ट शीट एकत्र ठेवून त्यांचा मेळ घालता येईल. माहितीपुस्तिकेचा उपयोगही येथेच आहे: कलम १२ प्रमाणे जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून ज्याने अनामत भरली आणि त्यामुळे ज्याचे नुकसान झाले, त्याला भरपाई मागता येते. करारनाम्यातील ‘यापूर्वीची सर्व माहितीपत्रके रद्द समजावीत’ ही अट कायद्याने दिलेला हा हक्क पुसून टाकू शकत नाही, असे माझे मत आहे. मात्र पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘दृश्ये कलाकाराच्या कल्पनेतील आहेत’ असे छापलेले असते आणि त्यावर वाद होतोच. नोंदणीकृत मूल्यमापकाचा अहवाल घ्यावा. त्याने त्याच इमारतीतील, त्याच सुमारास विकल्या गेलेल्या, नदीकडच्या आणि विरुद्ध बाजूच्या सदनिकांच्या इंडेक्स टूमधील, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या व्यवहार-उताऱ्यातील, किमतींची तुलना केली असेल तरच त्या अहवालाला वजन येईल. पैसे परत घेऊन घर सोडण्याचा पर्याय कलम १२ मध्ये आहे, परंतु चार वर्षांहून अधिक काळ राहून झाल्यावर तो कितपत मान्य होईल याविषयी मी साशंक आहे.

लॉफ्टविषयीही सांगणे भाग आहे. दिवाणखान्यावरील आपला अर्धा मजला मंजूर नकाशात राहण्यायोग्य क्षेत्र म्हणून दाखविलेला आहे, की भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घातला गेला, हे तक्रार करण्यापूर्वी तपासा. तो नंतरचा असेल तर विकसक पहिल्याच सुनावणीत तो विषय काढील आणि मूल्यमापकही ते क्षेत्र धरणार नाही.

प्रकाश आणि हवेच्या हक्काबद्दल आपण दोन पाने लिहिली आहेत, ती तक्रारीत घालू नयेत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ खाली प्रकाश-हवेचा हक्क मिळण्यास वीस वर्षांचा अखंड उपभोग लागतो. आपली इमारतच अजून वीस वर्षांची नाही. दृश्य पाहण्याचा हक्क तर अशा वहिवाटीने निर्माणच होत नाही. १६१० मधील एका इंग्रजी निकालापासून न्यायालये हेच सांगत आली आहेत. नदीकडची इमारत शेजारच्या भूखंडावर तिऱ्हाईत मालकाने बांधली असती, तर म्हणूनच मी आपल्याला दोन ओळींचे उत्तर दिले असते. नवी इमारत निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामास मनाई असलेल्या नदीलगतच्या पट्ट्याच्या, आत येते काय, हे विकास आराखड्यावरून पाहून महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे स्वतंत्र हरकत जरूर नोंदवावी. मात्र निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींसह बांधकामास वाव असतो, तेव्हा त्या हरकतीवर सर्व भिस्त ठेवू नये.

हे सर्व टाळून घर आताच विकून मोकळे व्हावे काय, असेही आपण शेवटी विचारले आहे. विकता येईल, परंतु आपण स्वतः भोगलेल्या नुकसानीचा दावा खरेदीदारासोबत सहज पुढे जात नाही, आणि विक्रीनंतर तो आपल्याकडे कितपत उरतो याविषयीही मतभेद होऊ शकतात. म्हणून तक्रार दाखल करून मगच विक्रीचा विचार करावा. विक्री केलीच तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ ने विक्रेत्यावर टाकलेली माहिती देण्याची जबाबदारी लक्षात ठेवून दुसऱ्या टप्प्याचा उल्लेख लेखी करावा, आणि दलालाला दिलेल्या जाहिरातीतून ‘रिव्हर व्ह्यू’ हे शब्द आजच काढून घ्यावेत.