जीमेलमध्येच रोजच्या कामांची यादी कशी सांभाळायची?

वेगळं अ‍ॅप घेऊच नका, जीमेलमध्ये सगळं आहे, फक्त कॉम्प्युटरवर एकदा बसून सेटिंग करावं लागतं. आधी तीनच लेबल (म्हणजे मेलला लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या) बनवा, 'आज', 'नंतर' आणि 'प्रतीक्षा' (म्हणजे आपण मेल पाठवलाय पण समोरच्याचं उत्तर यायचंय ते). नावं एकाच शब्दाची ठेवा, पुढे सर्चला सोपं जातं, आणि वीस-पंचवीस लेबलं तर अजिबात नकोत, कुठलं लावायचं यातच वेळ जातो. मग सेटिंग्जमधे इनबॉक्स टॅबला जाऊन इनबॉक्स टाइप 'मल्टिपल इनबॉक्सेस' करा, तिथे प्रत्येक सेक्शनला सर्च क्वेरी (म्हणजे काय शोधायचं ते) विचारतात, त्यात इंग्रजीत लेबल हा शब्द, कोलन आणि तुमच्या लेबलचं नाव टाकायचं, सेव्ह केलं की तिन्ही याद्या इनबॉक्सशेजारीच दिसतात. हे फोनवर दिसत नाही हं, तिथे लेबल उघडूनच बघावं लागतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते स्वतःलाच मेल टाकणं! तुमच्या पत्त्यात अ‍ॅटच्या आधी प्लस आणि एखादा इंग्रजी शब्द घातला तरी मेल तुमच्याकडेच येतो, त्या पत्त्यावर फिल्टर (म्हणजे आलेल्या मेलवर आपोआप चालणारा नियम) लावून 'नंतर' लेबल द्या आणि 'स्किप द इनबॉक्स'वर टिक करा. रिक्षात बसल्या बसल्या लाइट बिल आठवलं की पाठवून मोकळं व्हायचं.

तारखेचं काम असेल तर स्नूझ करा, त्या दिवशी मेल परत वर येतो. आणि काम झालं की लेबल काढून अर्काइव्ह (म्हणजे इनबॉक्समधून बाजूला, पण मेल राहतो), डिलीट नको.