१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येत खरंच काही गणित आहे, की ती फक्त दिसायला छान आहे?

गणित आहे, आणि भरपूर आहे. फक्त ते एक्सेलमध्ये शोधू नका. एक्सेल पंधरा अंकच जपतं, त्यामुळे शेवटचे दोन अंक शून्य होतात. चौकटीची वही घ्या आणि १११११११११ (नऊ वेळा एक) ला त्याच संख्येने गुणा, शाळेतल्यासारखा उभा गुणाकार मांडून. नऊ ओळी येतील. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, पण दर खेपेला एक घर डावीकडे सरकलेले. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात १, मग २, मग ३, मधल्या रकान्यात ९ आणि तिथून पुढे उतरण. कुठलीच बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून अख्ख्या गुणाकारात एकदाही हातचा येत नाही. तुमची संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. आपल्या जुन्या स्थाननामांत (एकं, दहं, शतं... परार्ध) तिचा डावीकडचा पहिला १ 'मध्य'च्या घरात बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.

त्या न आलेल्या हातच्यातून पुढचं निघतं. हातचा नसला की गुणाकारातल्या अंकांची बेरीज म्हणजे दोन्ही संख्यांच्या अंकांच्या बेरजांचा गुणाकार. इथे ९ × ९ = ८१. आणि ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो! कारण १११११११११ = ९ × १२३४५६७९ (यात ८ खरोखरच नाही). भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा. मूळ अवयव पाडले तर ३⁴ × ३७² × ३३३६६७², म्हणजे एकूण विभाजक ४५.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद संख्या' हे नाव देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिलं. तुमची संख्या कापरेकरांच्या 'डेमलो' संख्यांमध्येही येते (१, १२१, १२३२१ या त्यांतल्याच). ते नाव जी.आय.पी. (आजच्या मध्य) रेल्वेवरच्या एका स्टेशनाचं, आजच्या डोंबिवलीचं. ती कल्पना त्यांना तिथे सुचली होती. एकाच संख्येला त्यांनी दिलेली दोन नावं लागू पडावीत, याचा मला फार आनंद होतो.

अशा चढत्या-उतरत्या संख्यांचं कौतुक मात्र त्याहून कितीतरी जुनं आहे. नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त २७९९४६८१ × ४४१ हा गुणाकार दिला आहे. उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढून परत उतरणारी संख्या, असंच तिचं वर्णन आहे. बारकाईने पाहिलं तर २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, ४४१ हा २१ चा वर्ग, आणि ५२९१ × २१ = ११११११ (सहा वेळा एक).

आता दहा वेळा एक घेऊन तोच वर्ग करा. मधल्या रकान्यात १० येतात, पहिला हातचा निघतो, तो शेजारच्या ९ ला १० करतो, दुसरा हातचा निघतो आणि ८ चे ९ होतात. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांची बेरीज १०० व्हायला हवी होती, पण प्रत्येक हातच्याने ९ खाल्ले, म्हणून ८२ उरली. संख्या विषम, ८२ सम. भाग जाणार नाही.