नाशिकजवळ बंद पडलेलं जुनं रेल्वे स्टेशन कुठे आहे? त्याचा इतिहास काय?

असा प्रश्न आला की लोक कसारा घाटाकडे बोट दाखवतात. ते चूक नाही. इगतपुरी ते नाशिक गाडी १८६१ सालीच धावू लागली होती, पण घाटातला रूळ जोडला गेला १८६५ उजाडल्यावर. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, म्हणून मध्येच एक उलटं स्टेशन होतं. गाडी आत शिरायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढे निघायची. पुढे मार्ग बदलला आणि ते स्टेशन गेलं.

पण मला विचाराल तर नाशिकचं बंद पडलेलं स्टेशन रानात शोधूच नका. ते भर मेनरोडवर आहे. जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोड रेल्वे स्टेशनपर्यंत ट्राम चालायची, आणि तिचं गावाकडचं टोक इथे होतं.

ट्राम लागली, कारण रेल्वे गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांबून गेली. सोवळ्या लोकांनी आगगाडी गावात येऊ दिली नाही, अशी एक गोष्ट सांगतात. ती निम्म्या महाराष्ट्रात आपापल्या गावाबद्दल सांगितली जाते, मी फारशी मनावर घेत नाही. नकाशावर इगतपुरी ते मनमाड पट्टी ठेवून बघा. नाशिक शहर पट्टीच्या बरंच वर, उत्तरेला राहतं. घाट चढून आलेली लाईन भुसावळकडे न्यायची होती, ती शहराला वळसा घालून कशाला नेतील? देवळालीवरून सरळ पुढे काढली, शहराच्या खालच्या अंगाला गोदावरी ओलांडली आणि निफाड-लासलगावच्या वाटेला लावली.

भोगलं ते यात्रेकरूंनी. रामकुंडावर जायला निघालेला माणूस स्टेशनावर उतरला की पुढे सगळी झाडी, आणि टांगा मिळाला तर नशीब. या अंतरासाठी १८८९ मध्ये ट्रामचा पाया घातला गेला. रूळ अडीच फुटी, डबे दोन, ओढायला चार घोडे. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव ओळखीचं वाटलं तर बरोबर आहे, बार्शी लाईट रेल्वे त्यांचीच, १८९७ ची, तीही अडीच फुटीच. अरुंद रुळावर स्वस्तात रेल्वे चालवता येते, यावर या माणसाचा ठाम विश्वास होता, आणि बार्शीच्या आधी त्यांचा हात नाशिकच्या रुळांना लागला. (पुढे हेच गृहस्थ विमानातून उडी मारायच्या हवाई छत्र्या बनवायच्या नादी लागले. त्यातल्या एकीचं नाव होतं ‘गार्डियन एंजल’!)

ट्राम चाळीसएक वर्षं चालली आणि १९३१ ते १९३३ च्या दरम्यान बंद पडली. कारण म्हणून दुष्काळ आणि प्लेगने आलेला तोटा सांगतात. ते पटण्यासारखं आहे. गाडी यात्रेकरूंवर चालायची, आणि प्लेगच्या गावात यात्रेला कोण येणार? एक मात्र खटकतं. १९२५ च्या सुमारास नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला. म्हणजे रोजचे नोकरदार उतारू तयार होत होते, नेमकी तेव्हाच ट्राम मोडकळीला आली.

आज तिथे गेलात तर रूळ दिसणार नाहीत. महापालिकेचं मुख्यालय कधीच शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात गेलं. मेनरोडवर कपड्यांची दुकानं, हातगाड्या आणि दुचाकी लावायला जागा शोधणारे आपण. जुन्या इमारतीसमोर पाठ करून उभं राहा आणि नाशिकरोडला जायचं मनात आणा. आता त्यासाठी शालिमारला चालत जावं लागतं, तिथे रिक्षावाले ‘नाशिकरोड, नाशिकरोड’ ओरडत असतात, चौथा उतारू मिळेपर्यंत गाडी हलत नाही, आणि मग द्वारकेच्या चौकात अडकायचं ते वेगळंच.

२०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. रबरी टायरवर धावणारी ही गाडी शहरातून नाशिकरोडलाच जाणार होती. म्हणजे कॅलथ्रॉपसाहेबांनी चार घोड्यांवर भागवलेलं अंतर.