'बोस' म्हणजे खाली उतरलेलं 'तुम्ही'

प्रश्न असा आहे: स्पॅनिशच्या वर्गात 'तुझ्याकडे आहे' यासाठी 'तू त्येनेस' शिकवलं. ऑफिसातली ब्युनोस आयर्सची सहकारी मात्र 'बोस तेनेस' म्हणते. ती चुकते, की हे तिकडचं गावरान रूप?

दोन्ही नाही. अर्जेंटिनात प्राध्यापक, मंत्री, बातमीदार सगळे आपापल्या माणसांशी 'बोस'च बोलतात. तिथल्या भाषा अकादमीने 1982 मध्ये त्याला प्रमाण वापर म्हणून मान्यताही दिली.

गंमत या शब्दाच्या प्रवासात आहे. स्पॅनिशमधलं 'तू' आपल्या 'तू'चं सख्खं नातेवाईक. लॅटिन 'तू' आणि संस्कृत 'त्वम्' एकाच मुळातले. 'बोस'ही परका नाही. शाळेत युष्मद् चालवताना 'युष्मान्, वः' घोकलेलं आठवतंय? त्या 'वः'चा लॅटिन भाऊ म्हणजे 'वोस', म्हणजे तुम्ही (अनेकजण). पुढे आपल्या 'तुम्ही'सारखाच तो एकट्या माणसाला मान देण्यासाठी वापरला जाऊ लागला. पण मानाचे शब्द झिजतात. सोळाव्या शतकापर्यंत स्पेनमध्ये 'बोस' इतका स्वस्त झाला की बरोबरीच्या माणसाला तसं म्हटलं तर तो अपमान समजे. मग मानासाठी 'आपली कृपा' अशा अर्थाचं 'बुएस्त्रा मेर्सेद' पुढे आलं आणि त्याचंच घासून 'उस्तेद' झालं. म्हणूनच 'उस्तेद'ला क्रियापद तृतीयपुरुषी लागतं. आपण नाही का म्हणत, "पाहुण्यांनी दोन घास खाऊन जावं"? समोरच बसलेल्या पाहुण्याला!

जवळिकीसाठी 'तू' आणि मानासाठी 'उस्तेद' असल्यावर मधल्या 'बोस'ला स्पेनमध्ये जागाच उरली नाही. स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींत मेक्सिको शहर आणि लिमा या व्हाइसरॉयच्या राजधान्या, तिथे दरबाराची नवी रीत लवकर पोचली. ब्युनोस आयर्स मात्र आडबाजूला होतं. त्याला व्हाइसरॉय मिळाला तो थेट 1776 मध्ये. तिथे 'बोस' टिकला, पण मान गमावून. 'तू'च्या जागी जाऊन बसला. मध्य अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी हेच घडलं.

त्याची क्रियापदं जुन्या अनेकवचनाची आहेत: 'तेनेइस'चं 'तेनेस', 'सोइस'चं 'सोस'. कर्म मात्र 'तू'कडून उसनं घेतलेलं 'ते'. त्यामुळे 'तुझं नाव काय?' हे ब्युनोस आयर्समध्ये 'कोमो ते शामास?' असं ऐकू येतं, आघात शेवटच्या 'मास'वर. बाकीच्या बहुतेक ठिकाणी 'यामास', आघात 'या'वर. 'य'चा 'श' करणं ही या शहराची अगदी ओळखीची खूण. रस्ता म्हणजे 'काये', तो तिथे 'काशे' होतो.

शेजारी तर आणखी मजा. चिलीमध्ये एकोणिसाव्या शतकात व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी 'बोस'विरुद्ध मोहीम उघडली. शाळांनी सर्वनाम बऱ्यापैकी हुसकावलं, क्रियापद काही हललं नाही: तिथे गप्पांत 'तू तेनीस' चालतं. उरुग्वेची राजधानी माँतेविदेओ, तिथेही 'तू तेनेस' ऐकू येतं, अंगावर 'तू' आणि पायात 'बोस'ची वहाण. कोलंबियात मेदेयीन आणि काली 'बोस'वाले, तर बोगोतात जवळचे मित्रसुद्धा एकमेकांना 'उस्तेद' म्हणताना आढळतात. आपल्याकडे कुणी जिवलग मित्राला 'आपण' म्हणालं, तर भांडण झालंय असंच वाटेल.

तेव्हा तुम्ही 'तू त्येनेस' बिनधास्त बोला, सहकारी समजून घेईल आणि उत्तर 'बोस'मध्ये देईल. सावध राहायचं ते दुसऱ्याच शब्दाबाबत. स्पेनमध्ये बस 'पकडायला' वापरतात ते 'कोखेर' क्रियापद अर्जेंटिनात भलत्याच, चारचौघांत न सांगण्याजोग्या अर्थाचं आहे. तिथे बससाठी 'तोमार' म्हणा.