ब्रेक ऑईल कमी होतंय, पण गाडीखाली थेंब नाही. गळती शोधायची कुठे?

तुमची 2012 ची हॅचबॅक, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ऑईल दर पंधरा-वीस दिवसांनी मिनिममखाली जातं, पार्किंगच्या फरशीवर डाग नाही, गॅरेजवाले म्हणतात, 'टॉप-अप करत राहा'. रविवारी सोलापूरहून तुळजापूरला न्यावी का, हा तुमचा प्रश्न. नेऊ नका. जाताना घाट चढ आहे, येताना तोच उतार. बंद सर्किटमधलं ऑईल उडून जात नाही, ते कुठेतरी साचतंय.

डिस्कला घासणारे पॅड झिजले की पातळी उतरते हे खरं, पण त्याला महिने लागतात. पंधरा दिवसांत उतरते ती गळतीच. जमीन कोरडी असेल तर दोन जागांवर संशय घ्या: मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर (चाकाचा ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर), नाहीतर पॅडलने चालणाऱ्या मुख्य, म्हणजे मास्टर सिलिंडरचं मागचं सील. मास्टरचं सील गेलं की ऑईल बूस्टरमध्ये (पॅडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) जातं आणि जमिनीवर काहीच पडत नाही. मास्टर बूस्टरला जिथे बसतो त्या जोडाखाली बोट फिरवा. ओलं लागलं किंवा तिथला रंग फुगून निघालेला दिसला, तर मास्टर सिलिंडर बदला. क्लच हायड्रॉलिक असून ऑईल त्याच टाकीतून घेत असेल, तर क्लचचे सिलिंडरही बघा.

आता मागची चाकं. गाडी सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक सोडा, जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर काम नको. चाक काढून ड्रम ओढा. तो अडकला असेल तर त्यावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत 8 मिमीचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळले की तो सुटतो. आतली धूळ हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा.

व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबर बारीक स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच उचला. आत पुसट ओल चालते. थेंब ओघळला तर कप, म्हणजे आतलं रबरी सील, गेलाय. तो ओलावा नक्की ब्रेक ऑईलचाच ना, हे पाहायला वाटीभर पाण्यात एक थेंब टाका. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑईल किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं तेल वर तवंग धरतं. ही खात्री केल्याशिवाय पार्ट आणू नका.

कप जातो त्याचं मूळ बहुतेकदा पाण्यात असतं. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढतं, सिलिंडरच्या भिंतीला गंज धरतो, त्याचे खड्डे रबर कापतात. म्हणून नुसतं रबर किट टाकलं तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. अख्खा सिलिंडर बदला, दोन्ही बाजूंचा. ऑईल प्यालेले शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) घासून किंवा जाळून सुधारत नाहीत, तापले की पुन्हा पाझरतात. चारही बदला. हँडब्रेकही याच शूंवर चालतो, हे लक्षात असू द्या.

सोडताना आधी पाइपचा नट, मग सिलिंडरचे बोल्ट. साधा पान्हा नटाचे कोपरे खातो, नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर पान्हा घ्या. नटाबरोबर पाइप पिळवटत असेल तर थांबा, गंज सोडवणारा स्प्रे मारा. बसवताना नट हाताने दोन-तीन आटे धरला की मगच बोल्ट आवळा. रबरांना पेट्रोल, डिझेल लावू नका, फुगतात.

ऑईल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट 3 किंवा डॉट 4, सीलबंद बाटलीतलं. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते टाकू नका. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा 42-43 वर जातो, त्यात घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात. नवं डॉट 4 कमीत कमी 230 अंशांना उकळतं, पाणी प्यालेल्याची हमी 155 अंशांपर्यंतच. त्यामुळे आता सगळंच ऑईल बदला, एक लिटर आणा.

एअर काढायला दोघं लागतात. सिलिंडरवरच्या निपलला (हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑईल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पॅडल सावकाश दाबायचं, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा उघडायचा आणि पॅडल सोडण्याआधी बंद करायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, नाहीतर जुन्या मास्टरचं सील कधी न गेलेल्या गंजक्या भागावर जाऊन फाटतं. टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली तर स्कॅनरशिवाय ती निघणं अवघड. रंगावर ऑईल सांडलं तर लगेच पाणी ओता.

शू अ‍ॅडजस्ट करा, इंजिन चालू ठेवून पॅडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. ते मऊ लागलं किंवा हळूहळू खाली बसत गेलं तर हवा, गळती किंवा मास्टर यांपैकी काहीतरी शिल्लक आहे, गाडी हलवू नका. घट्ट राहिलं तर मोकळ्या रस्त्यावर 20 च्या वेगात तपासा. टाकीवर पातळीची खूण मार्करने करा, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि आठ दिवसांनी पुन्हा बघा. खूण हलली नाही की तुळजापूरला जा.