चित्रात काय हलतंय?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आठ महिन्यांत एकाही गाण्याची चाल पुरी झाली नाही, पेटीपुढे बसलं की बोटं जुन्याच जागांवर जातात. मागे मी सांगितलं म्हणून डोळे मिटून चित्र आणायला बसलीस, तर समुद्र आला, मावळता सूर्य आला, चाल मात्र आली नाही. आणि शेवटी विचारलंस, ‘माझ्यात काही उरलंच नसेल का?’ या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. आपल्या दोघींचाही वेळ त्यात घालवायचा नाही. चूक समुद्राच्या वाक्यात आहे आणि तिच्यात माझाही वाटा आहे. ‘चित्र बघ’ एवढंच मी म्हणाले होते. ते अर्धंच सांगणं झालं.

चित्रात काय हलतंय ते बघ.

तुझा समुद्र भिंतीवर टांगलेला आहे. त्यातली एकच लाट धर. फुटून वर आलेलं पाणी वाळूवरून परत जायला किती वेळ घेतं? आलं होतं त्यापेक्षा जास्त ना? पुढची लाट त्याला कुठे गाठते? हे दिसलं की लय मिळाली. वजन कुठे पडतं ते कळलं की सम मिळाली. कुठे क्षणभर काहीच होत नाही ते सापडलं की विसाव्याचा सूर कुठे हवा तेही कळतं. सूर कोणते, हा प्रश्न यानंतरचा. तो आधी विचारलास की बोटं पाठ झालेल्या वाटेला लागतात. आठ महिने तेच चाललंय.

आणि खरा समुद्र समोर असावा लागतो हे मनातून काढून टाक. दब्युसी या फ्रेंच संगीतकाराने १९०३ मध्ये समुद्रावरची त्याची मोठी रचना हाती घेतली तेव्हा तो किनाऱ्यापासून लांब होता. माझ्याकडे समुद्राच्या असंख्य आठवणी आहेत आणि त्या प्रत्यक्षापेक्षा मोलाच्या आहेत, अशा अर्थाचं त्याने मित्राला लिहिलं होतं.

रखमानिनॉव्ह या रशियन संगीतकाराचं मी तुला सांगितलंय का? बहुतेक नाही. त्याच्या पहिल्या सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा, १८९७ मध्ये पुरता फज्जा उडाला आणि नंतर जवळजवळ तीन वर्षं तो अडकून पडला. तुझे आठ महिने त्यापुढे काहीच नाहीत, पण ते राहू दे. मला सांगायचंय ते पुढचं. १९०७ मध्ये पॅरिसला त्याने ब्योक्लिन या चित्रकाराच्या एका चित्राची काळी-पांढरी प्रत पाहिली. काळोखं बेट, त्याच्याकडे निघालेली होडी, होडीत उभी पांढरी आकृती. १९०९ मध्ये त्यावरची रचना पुरी झाली. तिच्यात पाच मात्रांचा हेलकावा आहे, कधी दोन-तीन, कधी तीन-दोन. बेट हलत नाही, झाडं हलत नाहीत. वल्हं हलतं! वल्हं पाण्यात जायला आणि बाहेर यायला सारखा वेळ लागत नाही, म्हणून मला ते पाच इतके खरे वाटतात. पुढे मूळ रंगीत चित्र पाहिलं तर ते त्याला तेवढं भिडलं नाही. चित्र फार भरगच्च नको, ते यासाठी.

आता एक ताकीद. हालचाल घे म्हणजे नक्कल कर असं नाही. पायऱ्या चढल्या की आरोह, पाऊस आला की टपटप, हे मला पाठवू नकोस. १८०८ मध्ये आपल्या सहाव्या सिंफनीवर बीथोव्हननेच लिहून ठेवलं होतं की हे चित्रणापेक्षा भावनेचं प्रकटीकरण आहे. त्या सिंफनीत पक्षी आहेत, वादळ आहे, तरीही.

माझं सांगते. निरोपाची एक कविता माझ्याकडे तीन महिने पडून होती. रोज पेटी उघडायची, रोज तोच करुण मुखडा निघायचा, दहा गाण्यांत वापरून झालेला. मग एका रात्री आई आठवली, वडील गेल्यानंतर त्यांचे सदरे घडी करत बसलेली. एक बाही आत. दुसरी बाही आत. मग हात थांबायचा. आणि मग गळ्यापासून खालपर्यंत तळवा सावकाश फिरायचा. मुखडा तिथेच झाला. दोन छोटे तुकडे, रिकामी जागा, एका सुरावरून दुसऱ्यावर सावकाश घसरणारी एक लांब मींड. पेटीला मी हातही लावला नव्हता. त्याआधीची जवळजवळ वीस वर्षं मी बोटांनी चाली केल्या. लोक ‘छान’ म्हणाले. त्यातल्या बहुतेक आज मलाच आठवत नाहीत, आणि याचं दुःख अजून जात नाही.

पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंस की कधीकधी डोळ्यांपुढे काहीच येत नाही, नुसता अंधार. असं असतं. काही माणसांच्या मनात चित्रं उमटतच नाहीत, २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नावही दिलं. तू त्यातली असशील किंवा नसशील. चित्र नसेल तर अंगाला विचार. भरलेली बादली उचलताना खांदा कसा जातो, ते न बघताही कळतं ना? मला हालचाल हवी आहे, ती डोळ्यांतून येवो की खांद्यातून.

याच हट्टापायी माझी कामं गेली हे तू ऐकलं असशील. दोन दिवसांत चाल द्या म्हणाले, मी नाही म्हणाले. तिला गर्व झालाय असं बोललं गेलं. ते मी सोसलं. पण एका गायक मित्राला एक गाणं कबूल केलं होतं, तो दोन वर्षं थांबला. मला हालचाल सापडली तोवर त्याने गायचंच सोडलं होतं. तेव्हा काहीतरी बांधून द्यायला हवं होतं का? रात्री कधी वाटतं, हो. सकाळी वाटतं, त्याच्या गळ्यात मी खोटी चाल कशी घालणार होते? मी पुन्हा तेच केलं असतं. हे तुला पटवायला लिहिते आहे की स्वतःला, ते माहीत नाही, पण पुन्हा तेच केलं असतं.

तू हातात घेतलेली कविता परत वाचली. खिडकीत वाट बघणारी बाई. ती कशी दिसते, साडी कोणती, उजेड कुठला, हे सगळं तू दीड पान लिहिलंस. त्यात हलतंय काय, ते कुठेच नाही. पडदा? गजावरची बोटं? की ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेते, आणि घेते तर किती वेळाने?

आठवडाभर पेटी बंद ठेव. चाल पाठवू नकोस. एवढंच कळव.