जुना बाथटब बदलावा की नवा लेप द्यावा?

प्रश्न : दादरच्या आमच्या जुन्या इमारतीतील बिडाच्या बाथटबचे इनॅमल पिवळे पडले असून जागोजागी टवके उडाले आहेत. टब काढून टाकावा, की त्यालाच नवा लेप द्यावा?

उत्तर : टब गळत नसेल आणि गंज वरवरचा असेल, तर तो अवश्य राखावा. बिडाचा टब अतिशय जड असतो, आणि तो उखडताना फरशीखालचे वॉटरप्रूफिंग दुखावले, तर खालच्या घरात गळती सुरू होते. लेपाचे आयुष्य रंगापेक्षा पूर्वतयारीवर ठरते : साबणाचा चिकट थर पूर्ण काढून, कडेचे जुने सिलिकॉन खरवडून, टवक्यांत पुट्टी भरून घासल्यावरच प्रायमर आणि त्यावर दोन घटकांचा इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन लेप द्यावा. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे लेप नीट धरत नाही, म्हणून हे काम हिवाळ्यात करावे. कारागीर जुना थर काढण्यासाठी मिथिलीन क्लोराइड वापरणार असेल, तर मात्र ठाम नकार द्यावा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टबातच साचते, आणि अमेरिकेत २००० ते २०११ या काळात अशा कामात १३ कामगारांचा बळी गेला. इतर रसायनांसाठीही खिडकी उघडी आणि कारागिराच्या तोंडावर योग्य मास्क हवाच. नव्या लेपावर ॲसिड किंवा घासणीची पावडर कधीही वापरू नये.